पपईचं ते एक झाड

पातूरजवळच्या एका पपईच्या बागेत मी दर आठवड्याला पानं खुडायला जायचे. अकोल्याला माझं संशोधन चालू होतं. विषाणू शिरल्यावर झाडाची कोणती जनुकं जागी होतात, किती दिवस झुंजतात, कधी थकतात, हे शोधायचं होतं. त्यासाठी एकच आजारी झाड पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहणं भाग होतं.

बाग ज्यांची, त्यांना मी चाचा म्हणायचे. कडेच्या एका झाडाची पानं पिवळी पडून चुरगळली, तेव्हा चाचा त्याला उपटायला निघाले होते.

"चाचा, राहू द्या ना. मला याचीच पानं लागतात."

"राहू दे मंग. तुह्या अभ्यासाले कामी येते तं चांगलंच हाय."

मावा नावाची बारीक कीड हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं. एका झाडानं काय होणार, असं मी मनाला समजावलं.

सुरुवातीला झाडानं जोर धरला. संरक्षणाची जनुकं भराभर जागी झाली, शेंड्याला दोन स्वच्छ पानं आली. मी हरखून चाचांना सांगितलं, तर त्यांनी चाचींनाही बोलावून ती पानं दाखवली. महिन्याभरात तीच जनुकं मंदावत गेली. नवी पानं दोऱ्यासारखी बारीक निघू लागली. तोवर शेजारच्या ओळीही पिवळ्या पडल्या होत्या, आणि दिवाळीपर्यंत अख्खी बाग.

चाचा मजुरांबरोबर झाडं उपटत होते, त्या दिवशी मी गेले. फळांवर गोल गोल डाग होते. मी बांधावरच सगळं सांगून टाकलं. ते झाड ठेवायलाच नको होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

चाचा खाली बसले. हातातली माती चोळत राहिले.

"तवाच काहून नाई सांगतलं?"

मी रडू लागले, तशी चाचींनी पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला आणि त्या उपटलेली झाडं ओढायला गेल्या. तो तांब्या माझ्याच्यानं उचलवला नाही.

पुढे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्या झाडाच्या आलेखावर बोट ठेवून विचारलं, "इतके सलग नमुने मिळणं कठीण असतं. तुम्हाला कसे मिळाले?"

"शेतकरी भला होता," मी म्हणाले. मग मी पुढचं पान उलटलं.