पगारी रजा आणि कपाटाची किल्ली

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मी गोदाम सांभाळतो आणि रजा घेत नाही, अशी माझी ख्याती होती. वर्षभर काम केलं की काही दिवसांची पगारी रजा हक्काने जमते. थोडी पुढच्या वर्षी नेता येते, बाकीची बुडते. माझी दरवर्षी बुडायची आणि मला त्याचा अभिमानच होता. शिवाय आपण नसताना आपल्या खुर्चीवर कोण येऊन बसेल, याचा काय भरवसा?

थोरले मालक माझं कौतुक करायचे. आता कारभार त्यांच्या मुलाकडे आहे. त्याने एकदा मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "काका, तुमची रजा बुडतीया. जावा की आठवडाभर निवांत."

आमच्याकडे रजा मागायला गेलं की कोण आजारी, कुणाचं लग्न, अशी आधी उलटतपासणी होते. इथे मालक आपण होऊन रजा देत होता, तीही चहा पाजून. कुठेतरी पाणी मुरत होतं.

नाही म्हणायची सोय नव्हती. गोदामाच्या किल्ल्या मी हिशेबनीसाच्या हाती दिल्या, पण नमुन्यांच्या कपाटाची किल्ली तेवढी जुडग्यातून काढून खिशात टाकली. गिऱ्हाइकाने पसंत केलेला एकेक टॉवेल त्या कपाटात असतो, आणि पुढचा माल त्याच्या रंगाशी ताडून बघतात. माझ्या माघारी कुणी नमुना बदलला आणि माल परत आला, तर बोल मलाच लागणार होता.

घरी बायकोने आधी कॅलेंडर बघितलं. मला कामाच्या दिवशी घरात बघायची तिला सवयच नाही. शेजारी विचारतील म्हणून मी सात रस्ता चौकात जातानासुद्धा मागच्या गल्लीने गेलो. रात्री ताट वाढताना तिने विचारलं, "खरं सांगा, कामावरनं काढलं न्हाय नव्हं?" मी तिच्यावर डाफरलो, कारण मलाही तेच कुणाला तरी विचारायचं होतं. कुर्डुवाडीला बहिणीकडे जाऊन आलो, तर तिथे दाजींनीही माझा चेहरा बघून तब्येतीची चौकशी केली.

रजा संपली त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचलो. खुर्ची जागेवर बघून जीव भांड्यात पडला. मग कपाटाकडे नजर गेली. त्याला नवं कुलूप होतं.

मी तडक केबिनमध्ये गेलो. मालकाचा मुलगा ओशाळला. त्याने सांगितलं की नव्या ऑडिटरने नियम घातलाय. माल ज्याच्या ताब्यात असेल त्याला वर्षातून एकदा रजेवर पाठवायचं आणि त्याच्या माघारी सगळं तपासायचं. कधीच रजा न घेणाऱ्या माणसाकडे ऑडिटर आधी संशयाने बघतात. त्यात नेमकी एका कपाटाची किल्ली मिळेना. फोन केला असता तर मी पळत नेऊन दिली असती, पण फोन कुणी केला नव्हता.

"कुलूप तोडाय लागलं, काका," तो म्हणाला. "पण तुमच्या कपाटात काय घावलं न्हाय."

त्याने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला मात्र ते फार लागलं. इतकी वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताकडे बघत आलो, माझ्या हाताकडे कुणी बघेल हे कधी मनातही आलं नव्हतं.

खिशातली जुनी किल्ली मी त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने नव्या कुलपाची एक किल्ली मला दिली. दुसरी मागितली, तेव्हा ती केबिनमध्येच राहू दे म्हणाला.

आता मी सगळी रजा घेतो, एक दिवस बुडू देत नाही. बायको खूश असते. मी नसताना ऑडिटरला कपाट सावकाश उघडून बघता यावं, म्हणून मी रजा घेतो.