विसाव्याच्या खोलीतले अलार्म

कारखान्यात त्याला सगळे शॉकभाऊ म्हणत. शिकाऊ इलेक्ट्रिशियन असताना विजेचा झटका बसून पडला आणि उठल्या उठल्या "लाईट आली का?" असं विचारलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मॅनेजर त्याच्याबरोबरच कामाला लागलेला, जुना दोस्त. चारचौघांत तो त्याला साहेब म्हणे, एकटे असले की अरे-तुरे.

एकदा मॅनेजरने त्याला कामगारांच्या विसाव्याच्या खोलीत धुराचे अलार्म बसवायला सांगितले. अलार्मच्या डब्या सीलबंद होत्या, पण एक वायर जास्तीची दिसली.

"ही कशाला रे?"

"नवीन मॉडेल आहे. धूर झाला की ऑफिसात लगेच कळतं."

दोस्ताचा शब्द, शॉकभाऊने पुढे काही विचारलं नाही. उलट डब्यांकडे कुणी बघितलं की तोच सांगायचा, "तुमच्याच जिवासाठी आहे बाबांनो."

पॅकिंगमधल्या अक्काशी त्याचं सख्ख्या बहिणीसारखं होतं. एका दुपारी खोलीत दोघंच चहा पीत असताना ती हळूच म्हणाली, "छातीत गाठ आहे रे. तपासण्या चालल्यात. घरी अजून बोलले नाही. तूही पोटात ठेव."

त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

थोड्याच दिवसांत अक्काला ऑफिसात बोलावलं. "तुम्हाला आता उपचारांची गरज आहे, कंत्राट इथेच थांबवू," असं गोड बोलून तिला वाटेला लावलं. ती तडक त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुला एकट्यालाच सांगितलं होतं मी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

त्याची लेक त्याच कंपनीच्या परदेशातल्या कारखान्यात होती. फोनवर त्याने तिला सगळं सांगितलं. त्या खोलीत नवीन काही बसवलंय का, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने अलार्मचंही सांगितलं.

"बाबा, तसले अलार्म इथेही आणले होते. पण इथे कामगारांच्या समितीला विचारल्याशिवाय काही लावता येत नाही, तसा कायदाच आहे. समितीने एक उघडून बघितला, तर आत माइक. सगळे परत पाठवले."

"मग तेच आमच्याकडे आले म्हणायचे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने शिडी लावून डबी उघडली. मण्याएवढा माइक आत बसला होता. ती डबी त्याने तशीच नेऊन मॅनेजरच्या टेबलावर ठेवली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर लावलं असतंस तू?" मॅनेजर शांतपणे म्हणाला. "तू लावलंस म्हणून कुणी शंकाही घेतली नाही."

माइकपेक्षा हे जास्त लागलं. इतक्या वर्षांच्या दोस्ताने त्याचा चांगुलपणाच वापरला होता, तोही विचारपूर्वक.

शॉकभाऊ अक्काच्या दारात गेला. सगळं ऐकून तिने त्याला घरात घेतलं. दोघं मिळून वकीलबाईंकडे गेले. "चोरून ऐकण्याबद्दल आपला कायदा तोकडा आहे," त्या म्हणाल्या, "पण आजाराचं कारण काढून कामावरून काढलंय, त्यावर लढू." साक्षीला शॉकभाऊ उभा राहिला. निकाल अक्काच्या बाजूने लागला, आणि कोर्टात बोभाटा झाल्यामुळे माइकही उतरले. पण तोवर तिचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्या कारखान्यात पुन्हा पाऊल टाकायची तिची इच्छाच उरली नव्हती. मॅनेजर जागेवरच राहिला. शॉकभाऊची बदली मात्र कुंपणाजवळच्या पंपघरात झाली.

अक्का अधूनमधून फोन करते. एकदा ती म्हणाली, "तुझी चूक नव्हती, पटलंय मला. पण तुझ्याशी बोलताना अजून जीभ अडखळते रे."

"माझीही," तो म्हणाला, आणि मग दोघंही तिच्या नातवाच्या शाळेबद्दल बोलत राहिले.