उस्तादाची पिशवी

मुंजाजीच्या घरात दारामागं सहा खुंट्या हायत आन् सहाच्या सहा खुंट्यांवर दुसऱ्यांच्या हत्याराच्या पिशव्या लटकलेल्या आसतात. एकीवर फरशीवाल्या सुरजचं कटर, एकीवर नळवाल्याचे पाने, एकीवर गिलाव्यावाल्याच्या थाप्या. नव्या माणसाला वाटतं, ह्यानं हत्याराचं दुकान टाकलंय. त्याची बायको सायली तर पाव्हण्यांना तसंच सांगती.

खरं आसं हाय, की मुंजाजी घरं बांधायचा गुत्ता घेतो. नांदूरघाट आन् आसपासच्या गावांत त्यानं साठाच्या वर स्लॅब टाकले, आन् एका स्लॅबातून पाण्याचा थेंब गळालेला कुणी दाखवावा, त्याच्या थोरल्या भावानं चारचौघांत मिशा उतरवून देयाचं कबूल केलेलं हाय. आजून कुणी दाखवलेला न्हाई. पर घर काय एकट्याच्यानं व्हत न्हाई. सेंट्रिंग एकाला, गिलावा दुसऱ्याला, फरशी तिसऱ्याला, आसं उक्तं वाटून द्यावं लागतं. आन् ह्यातला एकबी माणूस मुंजाजीचा नोकर न्हाई. ज्याचा त्यो मालक. "उद्या सकाळी येतो" म्हणतेत आन् सकाळी दुसऱ्याच गावात दुसऱ्याच गुत्तेदाराच्या कामावर भेटतेत.

म्हणून मुंजाजीनं ही युक्ती काढली. सांजच्याला काम सुटलं, की उद्या येणाऱ्या माणसाची पिशवी आपल्या गाडीला अडकवून घरी आणायची. हत्यारच न्हाई म्हणल्यावर गडी जाईल कुठं? आता केजपस्तोर बाकीचे गुत्तेदार ह्याची नक्कल करायला बघतेत, पर त्यांना कुणी पिशवी देत न्हाई. मुंजाजीला देतेत, कावून की त्याच्या घरी रातभर राहिलेल्या हत्याराला सकाळी तेल लावलेलं आसतं.

तरीबी माणूस दमतो. चौदा वर्सं झाली, सकाळी चूळ भरायच्या आधी त्याचे पाच फोन झालेले आसतेत. एकाला गोडीनं, एकाला शिव्या घालून, एकाच्या बायकोला ताई म्हणून. सुरजच्या तर आतापस्तोर तीन आज्या वारल्या. तिसऱ्या आजीच्या मातीला मुंजाजी टॉवेल खांद्यावर टाकून गेलता, तर म्हातारी दारात शेंगा फोडत बसलेली. तिनंच त्याला च्या पाजला. डावा गुडघा दोन वर्सापासून दुखतोय, त्यो दाखवायला अंबाजोगाईला जायचं म्हणतो, पर जायच्या दिशी कुणीतरी दांडी मारतंच.

ह्या सगळ्यांत एकाच माणसाची पिशवी त्यानं कधी आणली न्हाई. रहमतुल्ला उस्तादाची.

रहमतुल्ला सेंट्रिंगवाला. म्हंजी स्लॅबाच्या खालच्या प्लेटा आन् त्या प्लेटांना पेलणाऱ्या बल्ल्या लावणारा. दहावी नापास झालेल्या मुंजाजीला थोरल्या भावानं हाताला धरून ह्याच उस्तादाच्या हाताखाली घातला व्हता, आन् ती अक्कल थोरल्याची, हे मुंजाजी आजबी मान्य करतो. उस्तादाची रीत आशी: स्लॅबाच्या सकाळी त्यो एकटा खाली जायचा आन् एकेक बल्ली हातोडीनं ठोकायचा. खाली पाचर गच्च बसलेली आसंल तर बल्ली भरीव बोलती, सैल आसंल तर भदभद करती. त्यो आवाज ऐकायचा, सैल पाचर मारायचा, मंग वर येऊन हातोडी खांद्यावर ठिवून म्हणायचा, "चला, वता." त्याच्या मागं कुणी बल्लीला हात लावायचा न्हाई. मागं एकदा एका गुत्तेदारानं त्याच्या डोळ्यांदेखत चार बल्ल्या परत ठोकून बघितल्या, तर उस्तादानं भर कामावरून सगळ्या प्लेटा उतरवल्या, गाडीत घातल्या, आन् आजपस्तोर त्या गुत्तेदाराच्या दारात पाऊल टाकलेलं न्हाई.

मुंजाजीचा अर्धा धंदा उस्तादावर उभा हाय. बाकी सगळ्यांच्या मागं पळावं लागतं, ह्या एका माणसाकडं पाठ करून उभं राहता येतं. त्यो गेला, तर मुंजाजीला गुत्ते बंद करून दुसऱ्याच्या हाताखाली जावं लागंल, हे त्यानं सायलीला दोनदा बोलून दाखवलेलं.

तर त्या दिशी वत्सलाबाईच्या घराचा स्लॅब व्हता. वत्सलाबाई अंगणवाडीत मदतनीस. सारी उमर पत्र्याखाली काढलेली बाई. सव्वाआठचा मुहूर्त काढून आणलेला. स्लॅब झाला की मालकानं गड्यांना गोड जेवण घालायचं आसतं, म्हणून पहाटंपासून चुलीवर शिऱ्याचं पातेलं. मिक्सरवाला आसाराम बावीस माणसं घिऊन सातलाच आलता. ह्या आसारामची तारीख मिळायला मुंजाजीनं महिनाभर त्याची मनधरणी केलती, आन् दुसऱ्या दिशी त्याची टोळी आष्टीकडं जाणार व्हती.

उस्ताद खाली जाऊन आला. हातोडी खांद्यावर ठिवली. "चला, वता."

मिक्सर सुरू झाला. बाया घमेली घिऊन शिडीवर वळीनं उभ्या राहिल्या. वत्सलाबाईनं नारळ हातात घेतला. मुंजाजीचा गुडघा ठणकत व्हता, म्हणून घटकाभर सावलीला टेकावं म्हणून त्यो खाली स्वयंपाकघराच्या खोलीत गेला आन् एका बल्लीला पाठ लावून उभा राहिला.

बल्ली हालली.

लई न्हाई, बोटभर. मुंजाजीनं पाठ काढून घेतली. मंग शेजारच्या बल्लीला त्यानं तळहातानं धक्का दिला. तीबी सैल. तिसरी सैल. त्या कोपऱ्यात पाच बल्ल्यांच्या पाचरा नुसत्या ठिवल्यासारख्या व्हत्या. आन् ह्याच खोलीत उस्तादाला ठोकताना त्यानं दारातून सोताच्या डोळ्यानं बघितलं व्हतं.

तवा त्याच्या डोक्यात गेल्या चार महिन्यांचं सगळं एकदम आलं. उस्तादाचा फोन हल्ली त्याची सून जिनत उचलती आन् म्हणती, अब्बा नमाजला गेलेत. इचारलेलं एक आन् उस्ताद सांगतो दुसरंच. एकदा मागून गाडीचा हॉर्न वाजवला तर बाजूला झाला न्हाई, मुंजाजीला वाटलं, रागात हाय. खरं सांगायचं तर मुंजाजीला कळलेलं व्हतं. कळूनबी त्यानं कळून घेतलं न्हाई, कावून की कळून घेतलं आसतं तर काहीतरी करावं लागलं आसतं, आन् आधीच करायचं लई व्हतं.

वर पैलं घमेलं चाललेलं. मुंजाजी लंगडत भायेर आला आन् त्यानं उस्तादाच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं, की स्वयंपाकघराकडं जरा चला.

"आँ?" उस्ताद म्हणला.

मुंजाजीनं परत सांगितलं. मिक्सर गरगरत व्हता. उस्तादानं हसून मान हालवली, जसा माणूस न ऐकलेल्या गोष्टीला हालवतो. आता ह्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलावं तर बावीस माणसं ऐकणार. बोलू न्हाई तर शिडीवरच्या बाया भरली घमेली घिऊन त्याच प्लेटांवर चढणार. चौदा वर्सांत मुंजाजीनं कुणाकुणाला काय काय सांगून वाटंला लावलं, पर ह्या एका माणसाला एक गोष्ट गुपचूप सांगायची सोय राहिलेली नव्हती.

त्यानं जाऊन मिक्सर बंद केला.

आसाराम वरून म्हणला, "काय झालं बे? डिझेल वाचवतो का?" मुंजाजीनं उस्तादाचा हात धरला, ल्हान पोराला नेतेत तसा त्याला खोलीत नेला, उस्तादाचा तळवा त्या बल्लीवर टेकवला, आन् उस्तादाच्याच खांद्यावरची हातोडी घिऊन बल्लीवर एक ठोका मारला. मंग दुसऱ्या खोलीतल्या एका गच्च बल्लीवर त्याचा हात ठिवला आन् तसाच ठोका मारला. हाताला फरक कळतो. उस्तादाला कळला. त्यो परत पैल्या खोलीत गेला, सैल बल्लीवर सोताच हात ठिवून थोडा वेळ उभा राहिला. मुंजाजीकडं त्यानं बघितलं न्हाई.

दोघं भायेर आले तवा सगळी टोळी त्यांच्याकडं तोंड करून उभी. वत्सलाबाईच्या हातात नारळ तसाच.

"स्लॅब थांबवा," मुंजाजी म्हणला. "सकाळी नळाचा पाईप बघायला मी त्या खोलीतल्या पाचरा काढल्या व्हत्या. परत मारायच्या राहिल्या. माझी चूक हाय."

आसाराम तोंडभर हसला. म्हणला, चौदा वर्साचा गुत्तेदार आन् पाचर मारायला इसरतो, हे आता आष्टीपस्तोर सांगत जातो. टोळीबी हसली. मुंजाजीनं हसू दिलं.

उस्ताद सगळ्यांची तोंडं बघत व्हता. त्यानं शेजारच्या गड्याला इचारलं, ह्यो काय म्हणला. गड्यानं त्याच्या कानात वरडून सांगितलं. उस्तादानं सगळं ऐकून घेतलं आन् दाढीवरून हात फिरवला.

"खोटं बोलतो," त्यो म्हणला. "पाचरा माझ्या हायत. मला ऐकू येत न्हाई. लई दिवस झाले."

बस, इतकंच. कुणी हसलं न्हाई. आसारामनं खाली बघून तंबाखू मळायला घेतली.

मंग सुरू झालं मुहूर्ताचं. सव्वाआठ कवाच टळून गेलते. घरातल्या सगळ्या बल्ल्या परत बघायच्या म्हणल्यावर दोन-अडीच तास जाणार. आसाराम म्हणला, मी थांबत न्हाई, माझी माणसं बसून राहायला आणलेली न्हाईत. मुंजाजी त्याला समजावून दमला. त्याच्या अंगात खरंच बोलायची ताकद उरली नव्हती, त्यो इटांच्या ढिगावर बसूनच बोलत व्हता. तवा वत्सलाबाईनं नारळ खाली ठिवला आन् म्हणल्या, "भाऊ, मुहूर्त गेला तर जाऊ द्या. छत डोक्यावर पडायला नको. तुमी ठोका बल्ल्या, मी पंगत बसवते."

स्लॅबाचं जेवण स्लॅबाच्या आधी कुणी घातलेलं नांदूरघाटात कुणाला आठवत न्हाई. पर शिरा गरम व्हता आन् माणसं पहाटंची निघालेली. बावीस माणसं जेवली. आन् बाईच्या हातचं पोटभर खाऊन काम न करता गाडीत बसायची आसारामला लाज वाटली. त्यो सावलीला आडवा झाला.

तिकडं उस्ताद आन् मुंजाजी खोलीखोलीनं फिरत व्हते. उस्ताद बल्लीवर तळवा ठिवायचा, मुंजाजी ठोकायचा. उस्तादानं मान हालवली की पुढची. न्हाई हालवली की मुंजाजी दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसून पाचर मारायचा आन् परत उभा राहून ठोकायचा. एकशे चाळीस बल्ल्या. त्या पाच सोडून आजून दोन सैल निघाल्या.

साडेअकराला वत्सलाबाईनं नारळ फोडला. दिवस मावळायच्या आत स्लॅब झाला. त्यो स्लॅब आजबी जाऊन बघा, खालून आरशासारखा हाय.

टोळी गेली. मुंजाजी गाडीवर बसला, पर किक मारायला पाय उचलंना. मनात एकच व्हतं, की स्लॅब सुकल्यावर उस्ताद प्लेटा न्यायला टेम्पो सांगणार आन् परत दिसणार न्हाई. बावीस माणसांपुढं आपुन त्याचा हात धरून नेला. त्या दुसऱ्या गुत्तेदारानं तर नुसत्या चार बल्ल्या ठोकल्या व्हत्या.

उस्ताद हळूहळू गाडीजवळ आला. हातात हत्याराची पिशवी, कातड्याची, जुनी, तळाला दोनदा शिवलेली. ती त्यानं गाडीच्या हँडलला अडकवली.

"सगळ्यांच्या नेतो," त्यो म्हणला. "माझीच कावून ठिवतो?"

मुंजाजीनं बोललेलं ऐकू जाणार नव्हतं. त्यानं नुसती मान हालवली.

"आन् फोन करू नको. घरी येत जा न्यायला."

उस्तादाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. म्हंजी रोज सकाळी आजून एक फेरा.

पिशवी जड व्हती, सगळ्या वाटंनं हँडल एका बाजूला वढत राहिलं. घरी आल्यावर मुंजाजीनं सुरजचं कटर खुंटीवरून काढून भुईला ठिवलं आन् त्या जागंवर उस्तादाची पिशवी आडकवली. खुंटी वाकती का म्हणून हात लावून बघितली. मंग बूट न काढताच उंबऱ्यावर बसला.

सायलीनं इचारलं, ही कुणाची.

"उस्तादाची."

ती पिशवीकडं बघत राहिली. मंग आत गेली, तेलाची बाटली आन् फडकं आणून त्याच्या पुढ्यात ठिवलं आन् भाकरी टाकायला बसली.