आक्काच्या मांडीवरची गिटार

आमच्या घरातली पहिली गिटार गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळाली, हे आमच्या कुटुंबात लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. लग्नकार्यात जेवणं उरकली की कुणीतरी ही गोष्ट काढतंच. "आत्या लग्नाआधी वखारीत लपून गिटार वाजवायची, आजोबांनी पकडली आणि गिटार जाळली," असं माझी मुलं आपल्या मुलांना सांगतात. सगळ्यांना आत्याच्या धाडसाचं कौतुक वाटतं. मी तिथंच बसलेला असतो, खाली मान घालून ताटातला भात चिवडत.

ती गिटार आक्काची नव्हती. माझी होती.

एवढं लिहायला मला सत्तावन्न वर्षं लागली. मी आता शहात्तर वर्षांचा आहे. आक्का, माझी थोरली बहीण, एकोणऐंशीची. तिची नजर जवळजवळ गेली आहे. ती नेसरीकडं मुलाजवळ असते.

आमची शाहूपुरीत गुळाची वखार होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील, अडतीचा धंदा करत. घर जैन, रीतिरिवाज कडक. कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे आणि चामडं तर नाहीच. पाकीट कापडाचं, कंबरेला पट्टा नाही, पायांत कॅनव्हासचे बूट. या शेवटच्या गोष्टीपायी माझं तरुणपण भीतीत गेलं. कोल्हापुरात माणूस दिसायच्या आधी कानाला कळतो, चपला करकरतात. हमाल आले कळायचं, शेतकरी आले कळायचं. आप्पा आलेले कळायचं नाही. मान वर करावी तर ते समोर उभे असायचे, आणि किती वेळ उभे आहेत हे सांगता यायचं नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आदल्या वर्षी गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर ऑर्केस्ट्रा पाहिला आणि गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या मागं लागलो. दिवसा तो उद्यमनगरात लेथवर काम करायचा. त्यानं नवी गिटार घेतली होती, जुनी पडून होती. मनगटावरचं घड्याळ देऊन मी ती घेतली आणि घड्याळ रंकाळ्यात पडलं असं घरी सांगितलं. गिटारीबरोबर खांद्यावर अडकवायचा पट्टा आला. तपकिरी, रुंद, चामड्याचा. तो स्टेजवर हाच पट्टा लावून उभा राहायचा. मला गिटारीइतकाच तो पट्टा हवा होता.

शिकायला मी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत जायचो. पहिल्याच दिवशी त्यानं माझी बोटं दाबून पाहिली.

"पावणं, ही बोटं हाईत का लोण्याचा गोळा? गुळाचं रवं उचलत न्हाय व्हय?"

"हमाल उचलतात."

"मग तारबी हमालाकडनंच दाबून घ्या की!" सगळं वर्कशॉप हसलं.

बोटांची टोकं आधी लाल झाली, मग सोलली, मग त्यांवर घट्टे आले. घट्टे आले तशी नवी भीती आली. जेवताना मी डावा हात मांडीखाली ठेवायला लागलो.

गिटार वखारीच्या मागच्या खोलीत, बारदानात गुंडाळून, गुळाच्या रव्यांमागं, म्हणजे ढेपांच्या थप्पीमागं असायची. पावसाळ्यात गूळ पाझरतो. तारा चिकट व्हायच्या, मुंगळे गिटारीच्या पोटात शिरायचे. वाजवायला घेतली की भोकातून एकेक बाहेर येऊन माझ्या मनगटावर चढायचा. मला झटकायचीसुद्धा भीती, आवाज होईल म्हणून. दुपारी सौदे संपून हमाल पोत्यांवर आडवे झाले की तासभर मिळायचा. सी, ए मायनर, जी, एवढे तीनच कॉर्ड. बोटं लागायची, पण ऐकायला भयाण वाटायचं, कारण तारा लावणं मला जमत नव्हतं. कान नव्हता मला.

कान आक्काला होता. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, आरतीला ती पेटी वाजवायची. कुणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून बसवलं होतं. बायका म्हणायच्या, पोरीची बोटं पेटीवर पडली की आरती लवकर संपू नये असं वाटतंय. आप्पांचं जेवण सूर्यास्ताच्या आत व्हायला लागे, म्हणून ती रोज पाचच्या सुमाराला डबा घेऊन वखारीत यायची. एके दिवशी जरा आधी आली आणि तिनं मला पकडलं.

मला वाटलं, संपलं. ती दारात उभी राहून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तम्मा, किती बेसूर रं ह्ये! कुत्रं पायाखाली आल्यागत वरडतंय." धाकट्या भावाला आमच्यात कानडी वळणानं तम्मा म्हणतात.

त्या दिवसापासून ती थोडी लवकर यायची, गिटार मांडीवर घ्यायची, लाकडाला कान लावायची आणि खुंट्या फिरवायची. पेटीचे सूर तिच्या डोक्यात पक्के होते. दुसरी तार सारखी उतरायची, ती तेवढीच पुन्हा पुन्हा लावायला लागे. वाजवत ती कधीच नसे. तारा लावून माझ्या हातात द्यायची. दर वेळी एक गोष्ट मात्र सांगायची. "ह्यो पट्टा टाकून दे. गिटारीचं एक वेळ आप्पा ऐकून घेतील. चामड्याचं न्हाय."

मी हो म्हणायचो. टाकला नाही.

त्या वर्षी चातुर्मासाला बस्तीत एक मुनिमहाराज होते. आप्पा बिद्रीकडं एका शेतकऱ्याकडं गेले होते, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. आक्का चारलाच आली. गिटार मांडीवर घेऊन ती दुसरी तार लावत होती. मी रव्यांवरचं फडकं सरळ करत पाठमोरा उभा होतो. तारेचा आवाज एकदम थांबला. मी वळलो.

आप्पा दारात होते. कॅनव्हासचे बूट चिखलानं भरलेले.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. कोपऱ्यातली काठी घेऊन त्यांनी काठीच्या टोकानं पट्टा उचलून बघितला.

"चामडं हाय ह्ये," ते म्हणाले. "कुणाचं हाय?"

मुंगळा माझ्या मनगटावर होता, तो अजून आठवतो.

"मी इचारतोय, कुणाचं हाय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मला म्हाईत न्हाय, आप्पा."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. कुणी जिन्यावर पुढं गेलं की आपण खाली उभे राहून वाट बघतो, तसं ती बघत होती. मी फडकं घडी करायला लागलो. चारदा घडी केली.

"तुझ्या मांडीवर हाय, म्हंजे तुझंच की," आप्पा तिला म्हणाले. तिनं गिटार उचलून कोपऱ्यात उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आम्हा दोघांना घेऊन बस्तीत गेले. आमच्यात चातुर्मासात लोक महाराजांपुढं नियम घेतात. कुणी वांगं सोडतं, कुणी पायताण, कुणी चार महिने गोड. कुणी किती दिवसांचा घ्यायचा ते आपलं आपण सांगायचं, पण एकदा घेतलेला नियम मोडणं म्हणजे मोठं पाप. आप्पांनी महाराजांना सांगितलं की मुलीनं घरात चामडं आणलं, वाद्यापायी आणलं, तिला वाद्याला हात न लावण्याचा नियम द्यावा.

महाराज वयस्कर होते, बोलणं मऊ. त्यांनी मोरपिसांची पिंछी हातात घेतली आणि विचारलं, "बाळ, किती दिवसांचा घेतेस? चातुर्मासापुरता घेतलास तरी पुष्कळ आहे."

आक्कानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. तोंड उघडायचं एवढंच काम होतं. आप्पांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मी पिंछीतली मोरपिसं बघत राहिलो.

"आजन्म," आक्का म्हणाली.

महाराजसुद्धा दचकले. "विचार कर बाळ," म्हणाले. ती म्हणाली, "केला." पिंछी वर झाली आणि नियम झाला. त्या संध्याकाळी आरतीला दुसरी एक बाई पेटीवर बसली. आक्का मागच्या रांगेत, हात पदरात गुंडाळून.

गुऱ्हाळं दिवाळीनंतर सुरू होतात. तोवर ती गिटार वखारीच्या कोपऱ्यात तशीच उभी होती. पट्टा आप्पांनी पहिल्याच दिवशी फेकायला लावला होता. जवळजवळ तीन महिने मी रोज तिच्यासमोरून गेलो. यातल्या कुठल्याही दिवशी मी आप्पांना सांगू शकलो असतो. रोज ठरवायचो, आणि ते बिनआवाजाचे बूट दिसले की हिशेबाची वही उघडून बसायचो. सांगितलं तर गिटारीचं ऐकावं लागेल, घड्याळाचं ऐकावं लागेल, आणि आता बहिणीचंही. जितके दिवस गेले तितकं ते जड झालं. मग एके सकाळी आप्पांनी ती गुळाच्या गाडीत टाकून नेली, आणि चिपाडांबरोबर ती चुलवाणात गेली.

पुढच्या वर्षी आक्काचं लग्न झालं. सासरच्यांनी पेटी वाजवणारी मुलगी म्हणून पसंत केली होती. नियम आहे म्हटल्यावर सासू म्हणाली, आमच्याच वेळेला बरा नियम आठवला. पुढं आक्काच्या मुलीला पेटी शिकायची होती. आक्कानं तिला शिकवलं, पण नुसतं तोंडानं. मुलगी चुकली की आक्काचे हात पुढं यायचे आणि ती ते पदरात ओढून घ्यायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पाहून चहा पिऊन परत आलो आहे.

आप्पा गेल्यावर मी दुसरी गिटार घेतली. लोक म्हणाले, बहिणीची हौस भावानं पुरी केली. मी ते ऐकून घेतलं. त्याची मला पहिल्या खोट्यापेक्षा जास्त लाज वाटते. मी अजूनही वाजवतो, बेताचंच. आक्का घरी आली की आत स्वयंपाकघरात असायची, आणि मी चार तारा छेडल्या की आतून आवाज यायचा, "दुसरी उतरलीया." मी लावायचो. "अजून थोडी." हात न लावता तिनं माझी गिटार आयुष्यभर लावून दिली.

आप्पा गेल्यावर भीती संपेल असं वाटलं होतं. मग आक्का कधीतरी बोलेल याची भीती वाटायला लागली, मग मुलांची, मग नातवंडांची. तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावणी असते. त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागायची. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी," असं म्हणायचं, समोरच्यानं "उत्तम क्षमा" म्हणायचं. दर वर्षी मी आक्काला हे म्हणत आलो, आधी पत्रानं, मग फोनवर. फार सोयीचं वाक्य आहे ते. त्यात सगळं मावतं आणि काहीच सांगावं लागत नाही. आक्का सगळ्या जगाला "उत्तम क्षमा" म्हणते. मला ती "बरं" म्हणते. हे माझ्या लक्षात यायलाच वीस वर्षं गेली.

या वर्षी फोन तिच्या नातीनं उचलला आणि स्पीकर लावून तिच्यापुढं धरला. मी सुरुवात केली, "आक्का, कळत-नकळत..."

"बरं."

"थांब आक्का. नकळत न्हवं. कळून." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "गिटार माझी हुती. पट्टाबी माझाच. आप्पांनी इचारलं तवा मी खोटं बोललो. महाराजांच्या म्होरं गप बसलो."

तिकडं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. नात म्हणाली, "आजी, म्हणजे ती गिटार तुझी नव्हती?"

"तू गप बस गं जरा." मग मला, "एवढी वर्सं लागली व्हय रं? आमच्या गावाची यष्टीबी एवढा उशीर करत न्हाय."

"भ्या वाटत हुतं."

"आता न्हाय वाटत?"

"वाटतंय."

"कुणाचं? आप्पा तर गेलं की."

मी म्हटलं, आता तरी नियम सोड, आपण महाराजांकडं जाऊ, प्रायश्चित्त देतील ते मी घेतो.

"ते व्हायचं न्हाय," ती म्हणाली. "तुला म्हाईत हाय का, आजन्म का म्हटलं मी? चार म्हैन्यानं तुझं तोंड उघडणार न्हवतं. म्हटलं, आजन्म म्हटल्यावर तरी पोरगं बोलंल. मी वाट बघत हुतो तुझी. तू न्हाय बोललास. मग महाराजांच्या म्होरं बोललेला शब्द माघारी घ्यायची मला लाज वाटली."

मी रडत होतो. तिला ते ऐकू जात असणार, तिला सगळंच ऐकू जातं.

"फोनवर सांगून भागायचं न्हाय तम्मा. लिहून काढ. हितं ये आन् सगळ्यांच्या म्होरं वाच. लेकीला, सुनंला, जावयाला बोलावतो मी. आन् गिटार आण बरोबर. तार लावून आण. मी लावून देणार न्हाय."

"आणि क्षमा?"

"वाच आधी."

उद्या सकाळच्या बसनं निघायचं आहे. गिटार पिशवीत भरली आहे, पट्टा कापडाचा आहे. नातवानं मोबाईलवर तारा लावायचं काहीतरी घालून दिलं आहे. ते दुसरी तार बरोबर दाखवतं, तरी मी सकाळपासून तीनदा खुंटी फिरवली. आतून कुणी काही म्हणत नाही.

सराव म्हणून हे मोठ्यानं वाचून बघतोय. "ती गिटार आक्काची नव्हती," इथपर्यंत आवाज नीट जातो. पुढचं वाक्य दोनच शब्दांचं आहे.