बाबांनी काढलेला नरकाचा नकाशा

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं आणि माझा राग अजून गेलेला नाही.

बाबा नंदिनी गावच्या चुनखडीच्या खदानीत सर्वेअर होते. अख्खी नोकरी जमीन मोजण्यात गेली. रिटायरमेंटनंतर आई गेली, म्हणून मी त्यांना पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ला आमच्या क्वार्टरमध्ये घेऊन आले.

तिथं त्यांच्या हाती माझं पुस्तक लागलं.

मी तेव्हा इंग्रजीत पीएच.डी. करत होते. विषय, सातशे वर्षांपूर्वीची एक इटालियन कविता. कवी वाटाड्यासोबत नरकात उतरतो, पृथ्वीच्या पोटातून पलीकडे निघतो, डोंगर चढतो, मग स्वर्ग.

बाबा डिक्शनरी घेऊन बसले. दहा दिवसांनी ट्रेसिंग पेपर आणला आणि त्या नरकाचा नकाशा काढायला घेतला.

"हे तं आपल्या खदानीसारखंच आहे वं. गोल गोल बेंच, पायऱ्यांसारखे, खाली खाली. अन् उतरताना हे लोक डावीकडेच वळून राहिले. डोंगरावर उजवीकडे. कावून?"

"बाबा, कविता आहे ती. भाजी जळून राहिली माझी."

"भाजी बंद कर. मंग उतरतानाच दोन ठिकानी उजवीकडे वळले, ते कावून?"

रोज हेच. मी कॉलेजला निघताना, पेपर तपासताना, पाहुणे बसलेले असताना. पाहुण्यांनाही सोडलं नाही.

विहारात लोक हसायला लागले. "सर्वेसाहेब, बुद्ध-बाबासाहेबांचे लोक आपन. नरक मानता का आता?"

"मानते कोन? मोजून राहिलो."

लाजेनं मला कुठं तोंड लपवू असं व्हायचं.

मग एक दिवस त्यांनी माझं चॅप्टर वाचलं. न विचारता.

"हे चुकलं तुझं. तू लिहिलं, तळाशी पोचल्यावर ते मागं फिरतात अन् वर येतात. मागं नाही फिरले. पृथ्वीचा मध्य ओलांडला त्यांनी. जात सरळच होते, फक्त खालचं वर झालं."

चॅप्टर दुसऱ्या दिवशी जमा करायचं होतं. माझं डोकं फिरलं.

"बाबा, तुमाले साहित्यातलं काय समजते? दगड मोजले तुमी जन्मभर!"

बाबांनी नकाशा गुंडाळला, कपाटावर ठेवला.

त्यानंतर एकही प्रश्न नाही. भाजी जळणं बंद झालं. घर इतकं शांत, की जेवताना वरणाची वाटी ठेवल्याचा आवाज यायचा.

पंधरा दिवसांनी गाइडनं चॅप्टर परत दिलं. त्या वाक्याखाली लाल पेननं रेघ. बाजूला लिहिलेलं: मागे फिरत नाहीत. नीट वाचा.

मी घरी कोणाला सांगितलं नाही.

उद्या सांगू, रविवारी सांगू. दोन महिने गेले. मग बाबांना अटॅक आला.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी ते जरा बोलायला लागले. मी पलंगाशी स्टूल ओढला.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. ते मागं नाही फिरले. गाइडनं पण तेच लिहिलं."

"माहीत आहे मले."

"कसं?"

"तुझी फाइल टेबलावर उघडी होती. लाल पेन दिसला."

"कधी?"

"तू आनली त्याच दिवशी."

"मग बोलले कावून नाही तुमी?"

"तू सांगशीन मनून थांबलो होतो."

मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नको. नकाशात डोंगराची बाजू राहिली आहे, पेन्सिल आन."

मी पेन्सिल आणली. ते झोपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

यंदा थीसिस जमा केली. शेवटी बाबांचा अर्धा नकाशा जोडला आहे. खाली त्यांचं नाव आणि "सर्वेअर, चुनखडी खदान". गाइड म्हणाले, हे रीतीत बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

पण राग जात नाही. स्वतःचा, आणि तुमचाही, बाबा. दोन महिने आपण एकाच टेबलावर जेवलो. दोघांनाही माहीत होतं.

एकदा तरी रागवायचं होतं ना माझ्यावर.

तुमच्या स्मृतीला वंदन, बाबा. जय भीम.