सुप्रियाचं 'नाय' आणि माझं 'नाही'

गाईज, आज मी जाम जळलेय. खोटं कशाला बोलू?

मी आणि माझी चुलत बहीण सुप्रिया, दोघी ऑनलाइन व्हॉइसओव्हरचं काम शोधतोय. मी महाडची, इंग्लिश मीडियमवाली, म्हणून थेट सगळ्यात मोठ्या परदेशी साइटवर प्रोफाइल टाकलं. चार महिन्यांत एक रिप्लाय नाही. सुप्रिया महाडजवळच्या नाते नावाच्या गावात राहते. तिने फक्त भारतीय भाषांच्या आवाजांची एक छोटीशी साइट निवडली. तेव्हा मी हसले होते.

आज सकाळी तिचा फोन. "गो, इंग्लिशमध्ये मेल आलाय, वाचून सांग ना."

तिला काम मिळालं होतं, शेतीच्या एका अ‍ॅपसाठी! आणि खाली लिहिलेलं, 'तुमचं हाय-नाय तसंच ठेवा. आम्हाला तेच हवंय.'

तिचं तेच 'नाय' मी लहानपणापासून सुधारत आले. आणि आज मलाच ते वाचून दाखवायला लागलं.

"तू पन टाक गो तिथं," ती म्हणाली. "नायतर तुझा मोठा बाजार हायच!"

तेव्हापासून मी, आवाज घुमू नये म्हणून गोधडीत तोंड घालून, 'नाय गो' रेकॉर्ड करतेय. सगळंच खोटं वाटतंय.

आमच्यासारख्या 'आहे-नाही'वाल्यांसाठी कुठली साइट आहे का हो?