मेंदीच्या बोटाचा आकडा

“तिला सांगा की. ती काय बोलायची न्हाई, गुपचूप लिहून टाकील.”

हे माझ्याबद्दल होतं आणि माझ्यासमोरच बोललं जात होतं, मी तिथं नसल्यासारखं. बोलणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू होत्या आणि ऐकणाऱ्या जिमच्या ताई, म्हणजे आमच्या ट्रेनर. मी दाराजवळच्या प्लास्टिकच्या टेबलाशी वही उघडून बसले होते. काकूंचं मधलं बोट ऑक्सिमीटरच्या चिमट्यात होतं आणि लाल आकडा ८९ वर येऊन थांबला होता.

मी बोट बदललं. ९०. अंगठा घेतला. पुन्हा ८९.

“मेंदी हाय ना बाई,” काकू म्हणाल्या आणि दोन्ही हात ताईंपुढे धरले. “पुतणीच्या लग्नात... पोरींनी बोटं टोकापर्यंत बुडवली. नखं बघा की. उजेड पलीकडं जाईना... मशीन तरी काय करील?”

ताईंनी वाकून नखं बघितली. खरंच लालभडक होती. “हां, होतं तसं. नेलपॉलिशनं पण होतं, मी व्हिडिओत बघितलंय,” त्या म्हणाल्या आणि माझ्या वहीवर बोट टेकवलं. “सत्त्याण्णव टाक.”

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. नव्वदच्या पुढचा मराठी आकडा मला अजूनही मनात फिरवून घ्यावा लागतो. तेवढ्या दोन सेकंदांत मी काही बोलू शकले असते. पण मी सत्त्याण्णव म्हणजे नाइन्टी सेव्हन हे नीट ठरवलं आणि ९७ लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

दारावर ताईंनी स्वतः टाइप करून चिकटवलेला कागद होता. ऑक्सिजन पंच्याण्णवच्या खाली असेल तर प्रवेश नाही. काकू त्या कागदाजवळून आत गेल्या आणि भिंतीलगतच्या सायकलवर बसल्या. बसल्यावर पायडल मारायच्या आधी त्या थोडा वेळ नुसत्याच बसून राहिल्या.

मला त्या दिवशी आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचली होती. काकूंचं वाक्य मधेच तुटत होतं.

काकूंचं वाक्य तुटत नसतं, हे मला जेवढं माहीत होतं तेवढं कदाचित त्यांच्या घरातही कुणाला माहीत नसेल. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, होस्टेल बंद झालं आणि मी घरी, सेलूला परत आले. आमची आणि काकूंची गच्ची एका बुटक्या भिंतीनं जोडलेली. संध्याकाळी ऊन उतरलं की मी आमच्या गच्चीवर फेऱ्या मारायचे, त्या त्यांच्या. साडीचा काष्ट्यासारखा खोचा, पायात काकांचे बूट. कठड्यावर दोन वाट्या ठेवलेल्या, एक फेरी झाली की एक हरभरा या वाटीतून त्या वाटीत. पन्नाशी ओलांडलेली, साखरेचा त्रास, गुडघे दुखायचे. तरी त्या चालता चालता जिंतूरच्या नणंदेची अख्खी हकीगत एका दमात सांगायच्या. मी कानात इअरफोन घालून चालायचे. त्यात गाणं लावलेलं नसायचं. कुणाशी बोलावं लागू नये म्हणून ते कानात असायचे, पण काकूंचं मी सगळं ऐकायचे.

“नुसतं चालून काय होतंय गं?” एक दिवस त्या भिंतीवरून म्हणाल्या. “उचलत जा कायतरी. पुण्या-मुंबईच्या पोरी मशीनवर उचलत्यात, आपण ज्वारी उचलायची.” मग आम्ही दोघी पाच-पाच किलोच्या ज्वारीच्या पिशव्या घेऊन, दोन गच्च्यांवर समोरासमोर उभ्या राहून हात वर-खाली करायचो. खालून काका ओरडायचे, “ती ज्वारी दळायला न्यायचीय, तिला व्यायाम करायचा न्हाई!”

दसऱ्याला जिम उघडली. कापसाच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर ती होती. पुरुष सकाळी आणि संध्याकाळी, बायका दुपारी तीन ते पाच. हा दुपारचा वेळ ताईंनी मालकाच्या मागे लागून मिळवला होता आणि सात महिने तो बंद होता. दसऱ्याच्या दिवशी त्यांनी डंबेल्सच्या रॅकला झेंडूचा हार घातला, प्रत्येक डंबेलला हळदीकुंकू लावलं आणि मग नियमाप्रमाणे सगळ्यावर सॅनिटायझर मारला. कुंकू ओघळून खालच्या रबरी मॅटवर उतरलं. बायका आपट्याची पानं घेऊन आल्या होत्या. द्यायची की नाही, गळ्यात पडायचं की नाही, कुणालाच कळेना. शेवटी सगळ्यांनी पानं खिडकीत ठेवली आणि लांबून हात जोडले.

आई मला पाठवायला तयार नव्हती. काकूंनीच तिला पटवलं. “माझ्या सोबतीला येऊ द्या. घरात बसून पोरगी मुकी व्हायलीय.” वहीचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर बरं म्हणून. मला ते आवडलं होतं. टेबलामागे बसलं की कुणाशी काही बोलावं लागत नाही. नाव, ताप, ऑक्सिजन, सही.

सत्त्याण्णव लिहिलं त्या दिवशी मी व्यायाम केलाच नाही. पोटात दुखतंय म्हणून टेबलाशीच बसून राहिले. आतून काकूंचा खोकला ऐकू आला. एकदा, मग पुन्हा. “जिनिंगचा धुरळा,” कुणीतरी म्हणालं. खाली रस्त्यावर कापसाचे टेम्पो रांगेत उभे होते, हवेत खरंच तंतू तरंगत होते. त्या दिवसांत प्रत्येक खोकल्याला असं काहीतरी कारण मिळायचं आणि सगळे पटकन ते घ्यायचे. मीही घेतलं. पण माझ्या मास्कच्या आत माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू येत होता आणि मी तो मोजायला लागले होते. बंद खोली, दोन पंखे, नऊ बायका. आपण सगळ्या एकच हवा आत-बाहेर करतोय, हा विचार एकदा आला की जात नाही.

भीती एकच असती तर बरं झालं असतं. आकडा खरा असेल याची भीती होती. तो खरा असेल आणि मी बोलले तर काय होईल, याची त्याहून जास्त होती. आमच्याच गल्लीत एका मुलीनं सर्वेला आलेल्या बाईंना वडिलांचा ताप खरा सांगितला होता. वडील बरे होऊन आले, पण पत्रे ठोकून गल्लीचं तोंड बंद केलं ते दोन आठवडे. त्या मुलीच्या आईकडे नंतर कुणी विरजणसुद्धा मागायला गेलं नाही. “हिनं सांगितलं,” असं तिच्याकडे बघून लोक अजून म्हणायचे. मी बोलले तर जिम बंद होणार, ताईंचा वेळ जाणार, काकूंच्या घरावर बोर्ड लागणार, काढीव मुहूर्तावरच्या त्या लग्नाला गेलेल्या सगळ्यांना शोधणार. आणि कारण मेंदीच निघालं तर? तर मी आयुष्यभर गल्लीत ती शहाणी पोरगी.

संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मेंदीचा कोन आणला. डाव्या हाताचं मधलं बोट टोकापासून पहिल्या पेरापर्यंत, नखासकट, जाड थापलं आणि त्यावर लिंबू-साखरेचं पाणी लावत बसले.

“एकाच बोटाला?” आई कणीक मळता मळता म्हणाली. “काय नवस हाय का?”

“असंच.”

“असंच म्हणे. शाळेत हजारो रुपये भरून हेच शिकवलं का काय?”

काकू गच्चीवर आल्या नाहीत. त्यांच्या कठड्यावर दोन्ही वाट्या होत्या. मी भिंतीपाशी उभी राहिले. हाक मारायची म्हणून श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला. खाली त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, टीव्ही चालू होता. म्हणजे सगळं ठीक असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कुकर कोण लावतंय, हे काही मला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अडीचलाच जिममध्ये गेले. ताई आत मॅट्स पुसत होत्या. मी टेबलाशी बसले, ऑक्सिमीटर काढला आणि मेंदीचं बोट आत घातलं. नख गडद तांबडं झालं होतं, काकूंच्या नखासारखंच. आकडा थोडा वेळ नाचला आणि थांबला. ९८. साधं बोट घातलं. ९८. पुन्हा मेंदीचं. ९८. मी नऊ-दहा वेळा बोटं बदलली. माझे हात गार पडले होते म्हणून चोळून पुन्हा बघितलं. एकदा ९७ आलं, तेही साध्या बोटाला.

मला आठवतंय, तेव्हा सगळ्यात आधी मला काकूंचा नाही, ताईंचा राग आला. मग कळलं, वहीतलं अक्षर माझं आहे.

तीनला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. काकूंची पावलं मला ओळखू यायची, काकांच्या बुटांमुळे. आठ-नऊ पायऱ्या वाजल्या आणि थांबल्या. खाली एका टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, दुसऱ्यानं त्याला शिवी घातली. मग पुन्हा पाच पायऱ्या. पुन्हा शांत. मी खुर्चीच्या कडेला बोटं घट्ट धरून बसले होते. मनात वाक्य तयार करत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि मराठीत आणताना ते दर वेळी उद्धट वाटत होतं. मोठ्या माणसाला तोंडावर ‘तुम्ही आजारी आहात’ कसं म्हणतात?

काकू दारात आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

“आज ऊन...” त्या म्हणाल्या. छाती वर-खाली झाली. “लय हाय.”

दिवाळी जवळ आली होती. सकाळी आई स्वेटर शोधत होती.

त्यांनी सवयीनं बोट पुढं केलं. मी चिमटा लावला. मास्कमुळे ओठ दिसत नव्हते. नखांवर मेंदी. मेंदीखाली नखं निळी पडली असती तरी कुणाला कळलं नसतं. आकडा ८८ झाला, ८७ झाला आणि ८६ वर थांबला. खालचा नाडीचा आकडा मात्र एकशे वीसच्या पुढे धावत होता. मेंदीनं नाडी कशी वाढेल, असा एक विचार आला.

“झालं का गं?” काकूंच्या मागे जिन्यावर तिघी-चौघी थांबल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “का बँकेची लाइन हाय ही?” दुसरी हसली.

“घे त्यांना आत,” ताई आतून ओरडल्या. “वॉर्मअप सुरू करायचाय. मेंदी काय एका दिवसात उतरती का? कालचंच टाक.”

काकूंनी चिमटा स्वतःच काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या गालाजवळ हात नेऊन तो हवेतच मागे घेतला. एकमेकांना हात न लावण्याचे दिवस होते. “भिऊ नको...” त्या म्हणाल्या, “मला काय... होत न्हाई.” आणि बूट काढायला वाकल्या. वाकल्या त्या तशाच राहिल्या, एक हात गुडघ्यावर, एक भिंतीवर. लेसची गाठ समोर होती आणि त्यांचा हात तिथवर जात नव्हता.

मी उठले. खुर्ची मागे पडली, त्या आवाजानं आतल्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या. सगळ्या माझ्याकडे बघतायत, एवढंच मला कळत होतं. मी वही उघडी धरली, कारण हातात काहीतरी लागत होतं. तोंडातून आवाज निघाला तो माझ्या ओळखीचा नव्हता, पार जिन्याच्या खालपर्यंत गेला असेल.

“काकू, बूट काढू नका. मेंदीचं काही नाहीये, मी माझ्या बोटाला लावून बघितलंय. काल एटी नाइन होतं आणि मी खोटं लिहिलं. आज एटी सिक्स आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.”